खाडीपासून खांदेरीपर्यंत: गळाच्या मासेमारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नेरुळला राहतो. रॉडची लांबोडकी पिशवी खांद्याला लावून पहाटे चारला खाली उतरलो की वॉचमनपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे तेच प्रश्न विचारतात. ऑफिसातही तेच. बारा-तेरा वर्षं तीच उत्तरं देऊन झाल्यावर ती एकदा नीट लिहून काढली. यातली निम्मी अक्कल दिवाळे आणि करंजा कोळीवाड्यांतल्या नाखवांची, म्हणजे बोटवाल्यांची आहे. उरलेली चुका करून आलेली.

नवी मुंबईतून खरंच समुद्रात गरवायला जाता येतं? आपल्याकडे तर नुसती खाडी आहे.

जाता येतं. ठाणे खाडी साधारण २६ किलोमीटर लांब आहे. ठाण्याजवळ ती अरुंद आणि गाळाची, ऐरोली-वाशीपाशी रुंदावते आणि पुढे मुंबई बंदराला मिळते. बेलापूरपाशी पनवेलची खाडी येते. उरणच्या दक्षिणेला करंजा आणि रेवस यांच्यामधून धरमतरची खाडी बाहेर पडते. खाडीतल्याच फेरीसाठी आम्ही दिवाळे-बेलापूर बाजूने निघतो, आणि बाहेर जायचं तर उरणला मोरा किंवा करंजा गाठतो. करंजातून साध्या मच्छीमार बोटीने खांदेरी बेटावरचा दीपस्तंभ दीड-दोन तासांत जवळ येतो.

मात्र ‘डीप सी फिशिंग’ हा जाहिरातीतला शब्द जरा बाजूला ठेवा. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ सुमारे ३०० किलोमीटर आत पसरलेला आहे, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत रुंद इथेच. तेलविहिरींचं मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर लांब, आणि तिथेही पाणी जेमतेम ७५ मीटर खोल. त्यामुळे परदेशी व्हिडिओत दिसतात तसे तलवारीच्या नाकाचे मार्लिन एका दिवसाच्या फेरीत आपल्याला भेटणार नाहीत. त्यासाठी अंदमानला जावं, कारण तिथे बेटांना लागूनच समुद्र खोल होतो. आपला समुद्र उथळ, गढूळ आणि जबरदस्त भरती-ओहोटीचा. याच तीन गोष्टी समजून घेतल्या की मासे मिळतात. नाही समजल्या तर महागातली रीलही नुसती मिरवायला होते.

‘रीफ फिशिंग’ म्हणतात ते इथे कुठे? प्रवाळ आहे का?

खाडीच्या तोंडाशी प्रवाळाची भिंत बांधली जाण्याइतकं स्वच्छ पाणी नाही. उल्हास, पाताळगंगा, अंबा या नद्यांचा गाळ इथेच येतो. प्रवाळ बघायचं तर मालवण. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, आणि अभयारण्य म्हणजे गळ घरी ठेवून जायची जागा. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर कान्होजी आंग्रे यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, समुद्रात बुडालेलं प्रवाळाचं पठार. तिथे रात्र-दोन रात्री मुक्कामाची बोट लागते. नवी मुंबईकराच्या रविवारचं ते काम नाही.

आपल्याकडे रीफ म्हणजे खडप. काळ्या बेसाल्टचे पाण्याखालचे आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक. खांदेरी-उंदेरीच्या भोवती, अलिबागच्या किनाऱ्याला, रेवदंड्याच्या पुढे असे खडप आहेत. त्यांच्या कपारीत हेकरू आणि तांबोशी राहतात, वरून सुरमई आणि टोळ शिकारीला फिरतात. बोटीवरच्या फिश फाइंडरवर खडप दिसतो हे खरं, पण बरेच जुने तांडेल तो दोन खुणा जुळवून शोधतात: दीपस्तंभ अमुक टेकडीच्या पोटावर आला आणि उजवीकडचं देऊळ त्या झाडाआड गेलं की नांगर टाक. एकदा जीपीएस बंद पडलं तेव्हा हे मी डोळ्यांनी पाहिलं. नांगर नेमका खडपाच्या कडेला पडला होता.

हंगाम कोणता?

ज्याला फक्त दोन महिने सांगा असं म्हणायचं असेल त्याने नोव्हेंबर आणि डिसेंबर ठरवावेत. बाकीच्यांनी पुढचं वाचावं.

ऑगस्टमध्ये मासेमारीची पावसाळी बंदी उठते, नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यांत समुद्राला नारळ वाहिला जातो आणि बोटी बाहेर पडतात. हौशी माणसाने मात्र लगेच धावू नये. वारा पडलेला नसतो, लाटा मोठ्या, पाणी चहासारखं. खाडीत मात्र याच दिवसांत मजा असते. पावसाच्या गोड्या पाण्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी खाजणांतून खाली येते आणि जिताडा तोंड उघडून वाट बघत असतो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, पाऊस थांबून ऊन तापायला लागलं की खाडीच्या मुखाशी रावस चांगला लागतो, असा माझा अनुभव.

नोव्हेंबरपासून समुद्र शांत होतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, पाणी काचेसारखं सपाट असतं, दुपारी खारा वारा सुटेपर्यंत चार-पाच तास हाताशी मिळतात. पाणी निवळतं म्हणून लूर, म्हणजे नकली आमिष, माशाला दिसतो. सुरमई, कुपा, कधी सकला याच काळात. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेचा वारा दोन-दोन दिवस झोडपतो, तेव्हा फेरी रद्द करायची तयारी ठेवा. मार्च-एप्रिल खडपाचे. पाणी कोमट आणि बऱ्यापैकी नितळ, हेकरू आणि तांबोशीला खाली जाऊन भेटायचं. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात दक्षिणेकडून लांब, सुस्त लाटा यायला लागतात. वारा नसतो, आभाळ स्वच्छ असतं, तरी बोट डोलते. नाखवा बोटी ओढायच्या तयारीला लागला की आपणही रील धुऊन ठेवावी.

जून-जुलैच्या बंदीत गळ टाकता येतो का?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. बऱ्याच माशांचा हा विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे, पण ती पोटासाठी मासेमारी करणाऱ्यांसाठी. आपली इंजिनाची बोट, मग ती कितीही छोटी असो, त्या सुटीत बसत नाही. ‘मी फक्त रॉड घेऊन जातोय, जाळं थोडंच आहे’ हा युक्तिवाद करंजाच्या धक्क्यावर करून बघा, पोलिसांच्या आधी कोळणी उत्तर देतील.

भरती-ओहोटीचं गणित कसं करायचं? ॲप पुरे नाही का?

ॲप घ्या, पण तिथी विसरू नका. जुन्या लोकांचा हिशेब असा: तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. षष्ठी असेल तर सहा त्रिक अठरा, भागिले चार, म्हणजे साडेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, उत्तर सव्वाअकरा. शुक्ल असो की कृष्ण, पक्ष बदलला की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. हीच वेळ पहाटे-सकाळी आणि पुन्हा दुपारनंतर लागू, मधे सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत वाशी-ऐरोलीपर्यंत भरती बंदरापेक्षा थोडी उशिरा पोचते. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागे सरकते, म्हणून हा पाऊणपटीचा हिशेब जुळतो. कॅलेंडरवर तिथी असतेच, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

वेळ कळली, आता जोर. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं आणि तेवढंच उतरतं. सहा तासांत एवढं पाणी अरुंद खाडीतून जायचं म्हणजे ओढ केवढी असेल बघा. शंभर ग्रॅमचं शिसं तळाला टिकत नाही, गाळ उसळतो. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद आणि तुलनेने निवळ.

माझा ठोकताळा: खडपावर जायचं तर भांग, खाडीत जायचं तर उधाण उतरायला लागल्यावर. सुकतीला तिवरांतलं पाणी बारीक ओहोळांनी बाहेर येतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोयचं पिल्लू वाहत येतं, आणि शिकारी मासे ओहोळाच्या तोंडाशी दबा धरतात. अशा तोंडाशी पहिले दोन तास. त्यानंतर बोट चिखलात बसायच्या आत बाहेर पडा. मी एकदा सारसोळेच्या बाजूला हटून बसलो होतो. ‘अजून दहा मिनिटं’ म्हणता म्हणता होडी बसली आणि भरती येईपर्यंत सहा तास डासांना जेवण दिलं. मासा? एक.

नवशिक्याने कोणत्या माशाच्या मागे जावं?

शिंगाळा आणि बोयपासून सुरुवात होते, ती कोणी ठरवत नाही. गळ टाकला की शिंगाळा येतोच.

मनात ठेवायचा मासा म्हणजे जिताडा. खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या सीमेवर राहणारा, बोटीखाली झेप घेणारा, डोकं झटकून लूर तोंडावर परत फेकणारा. रायगडात, विशेषतः पेण-अलिबागच्या खारेपाटात, शेताकाठच्या तळ्यात जिताडा पाळायची जुनी रीत आहे. पाहुण्याला जिताड्याची तुकडी वाढणं हा तिथला मान. या माशाची एक गंमत आहे: आयुष्याची पहिली काही वर्षं तो नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे आठ-दहा किलोचा जो ‘ट्रॉफी’ जिताडा तुम्ही फोटोसाठी उचलता ती बहुतेक लाखो अंडी घालणारी मादी असते. तो सोडावा असं मी म्हणतो. सगळेच ऐकतात असं नाही, आणि गावात कोणी घरी नेला तर मी भाषण देत नाही.

रावसाच्या गालाखाली मिशांसारखे चार धागे असतात, त्यांनी तो गढूळ पाण्यात चाचपत फिरतो. म्हणून रावसाला आमिष तळाशी आणि वासाचं हवं. सुरमईचं उलट: ती डोळ्यांनी शिकार करते, तिला वेग आणि चमक हवी. दात इतके धारदार की साधी लीडर, म्हणजे गळाआधीचा दोराचा शेवटचा तुकडा, कात्रीने कापल्यासारखी तुटते, तेव्हा वितभर तारेचा तुकडा लावा.

घोळीबद्दल विचारणारे बहुतेक जण पैशाबद्दल विचारत असतात. तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, म्हणजे भोताला, परदेशात सोन्याचा भाव आहे हे खरं. २०२३ मध्ये गुजरातने घोळीला राज्यमासा केलं, महाराष्ट्राने पापलेट निवडलं. पण हौशी गळाला मोठी घोळ लागणं म्हणजे लॉटरी. त्या हिशेबावर रॉडचा हप्ता भरू नका.

रॉड-रील कोणती घ्यावी?

दुकानदार तुम्हाला तीन सेट विकेल, सुरुवातीला एक पुरतो. आठ फुटांच्या आसपासचा मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, ४००० किंवा ५००० आकाराची रील, २० ते ३० पौंडांचा ब्रेडेड दोर आणि पुढे ४० पौंडांची दोन हात लांब फ्लोरोकार्बन लीडर. खाडी आणि जेट्टी दोन्ही यात होतात. खडपावर जिगिंगला, म्हणजे जड धातूचा लूर तळाशी खालीवर झटकायला, साडेपाच-सहा फुटांचा आखूड, जाड रॉड आणि ५० पौंडांपुढचा दोर लागतो, कारण हेकरू लागताक्षणी कपारीत घुसतो आणि पहिल्या तीन सेकंदांत तो वर उचलला नाही तर दोर खडकावर घासून जातो. असे रॉड बरेच नाखवा भाड्याने देतात. पहिल्या दोन फेऱ्या भाड्याच्या रॉडवर काढा.

रील घरी आल्यावर नळाखाली जोरात धुऊ नका, मीठ आत जातं. ओल्या फडक्याने पुसा, मग सुकवा. माझी पहिली रील याच प्रेमाने मेली.

आमिष की लूर?

पाणी गढूळ तर आमिष, पाणी निवळ तर लूर. जिवंत कोळंबी सर्वांत भारी. तिला शेपटीच्या अलीकडे किंवा डोक्याच्या काट्याखाली गरी, म्हणजे गळाचा आकडा, लावली तर ती बराच वेळ उड्या मारते. मधल्या काळ्या ठिपक्यावर टोचलं की संपली. खडपावर माकुलाची पट्टी टिकाऊ, बारीक मासे ती कुरतडून संपवू शकत नाहीत. दिवाळ्याच्या बाजारात पहाटे गेलात तर मावशी आमिषासाठी वेगळी बारीक मासळी काढून देते. फक्त ‘आमिषाला हवीय’ असं आधीच सांगा, नाहीतर खाण्याच्या भावाने घ्याल.

लूरमध्ये चार इंची मऊ रबरी मासा जिगहेडवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर, आणि ४० ते ८० ग्रॅमचे धातूचे जिग. पाण्यावर शिंतोडे उडवत येणारा पॉपर दिसायला झकास, पण आपल्या गढुळात मी त्यावर घालवलेल्या तासांचा हिशेब बायकोला कधी दिला नाही.

बोट कशी ठरवावी? फसवणूक होते का?

होते. मी एकदा फोनवर आगाऊ पैसे भरले, पहाटे पाचला पाच जण धक्क्यावर उभे, आणि समोरच्याचा फोन बंद. तेव्हापासून आदल्या रविवारी जाऊन बोट डोळ्यांनी बघायची, नाखवाशी चहा घ्यायचा, मगच ठरवायचं.

बघायचं काय? माणसं तितकी लाइफ जॅकेट, आणि ती पोत्याखाली नाही तर हाताशी. नोंदणी क्रमांक बोटीवर रंगवलेला. मच्छीमार बोटीचा परवाना मासेमारीचा असतो, प्रवासी नेण्याचा वेगळा. तेव्हा ‘माणसं न्यायची परवानगी आहे का’ हे सरळ विचारा. प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ हवं. २६/११ नंतर समुद्रात तपासणी कडक झाली आणि ते योग्यच आहे. भाव ठरवताना डिझेल कोणाचं, आमिष कोणाचं, मिळालेला मासा कोणाचा, हे तिन्ही आधी बोलून घ्या. मासा कोणाचा यावरून मी मैत्र्या तुटलेल्या पाहिल्यात.

आणि नाखवा ‘आज नको’ म्हणाला तर वाद घालू नका. त्याला पैसे मिळत असताना तो नको म्हणतोय.

कुठे गळ टाकायचा नाही?

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात. २०१५ मध्ये ते जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या केंद्रातून तिथे बोटफेरी मिळते, दुर्बीण घेऊन जा, रॉड नको. मुंबईच्या ट्रॉम्बे बाजूला भाभा अणुसंशोधन केंद्रासमोरच्या पाण्यात शिरायचं नाही. जवाहर द्वीपाचा तेलधक्का, उरणचा नौदलाचा भाग, न्हावा-शेवाच्या मालवाहू जहाजांचा मार्ग, इथेही नाही. कंटेनर जहाज तुम्हाला बघून थांबत नाही, त्याला थांबताच येत नाही. मुंबई हायच्या तेल फलाटांभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा आहे. तिथे मासे असतात म्हणून कोणी नेतो म्हणाला तर त्याचा नंबर पुसून टाका. अटल सेतूखालून जाताना खांबाला दोर बांधायचा मोहही टाळावा.

खाडीत पकडलेला मासा खावा का?

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि दोन्ही काठांचं सांडपाणी शतकाच्या निम्म्याहून अधिक काळ या खाडीत येत आहे. गाळात जड धातू साठतात आणि तळाला चरणाऱ्या माशांतून वर चढतात. वाशीच्या वर पकडलेला मासा मी घरी नेत नाही. मुखाबाहेर, करंजाच्या पुढे मिळालेला खातो. कोळीवाड्यातली माणसं खाडीचा मासा खातात, त्यांना दुसरा पर्याय नाही, आणि या घाणीचा सर्वांत मोठा फटकाही त्यांनाच बसला आहे. निवटी आणि काळुंदर कशी ढिगाने मिळायची हे दिवाळ्यात कोणत्याही साठीच्या माणसाला विचारा.

लहान मासा किंवा नको असलेला मासा सोडायचा कसा?

हात ओले करून. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. काटेरी दात पकडीने चेपलेला गळ वापरलात तर सुटतोही लवकर. सरकारने २०२३ मध्ये पन्नासहून अधिक प्रजातींचे किमान आकार ठरवून दिले. सुरमईला ३७० मिलिमीटर, पापलेटला १३५. बोटीच्या फळीवर पट्टीच्या खुणा मारून ठेवल्या की वाद होत नाही.

खडपावरच्या माशांची अडचण वेगळी. तीस मीटरवरून हेकरू झरझर वर ओढला की दाब कमी होऊन त्याची हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येतं, डोळे बटबटतात. तो मेलेला नसतो, पण पाण्यात सोडला तर तरंगत राहतो आणि घारी-कुररी टोचतात. ते बाहेर आलेलं फुग्यासारखं टोचू नका, ती पिशवी नव्हे, जठर आहे. उपाय: काटा नसलेला जाड गळ उलटा करून ओठात अडकवा, त्याला अर्धा किलो शिसं बांधा, तळापर्यंत सोडा आणि झटका द्या. खालच्या दाबाला मासा सावरतो आणि सुटतो. बोटीवरचे लोक पहिल्यांदा हसतात.

शिंगाळ्याच्या नराच्या तोंडात गोट्यांएवढी अंडी दिसली तर तसाच सोडा. तो ती पिल्लं होईपर्यंत तोंडातच सांभाळतो आणि तोवर उपाशी राहतो. कासव अडकलं तर ओढाताण न करता दोर गळाजवळ कापा. समुद्री कासवं आणि डॉल्फिन यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे.

शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर?

ओरडायला होतं, होऊ द्या. लागलेला भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास. या विषातली प्रथिनं उष्णतेने मोडतात म्हणून वेदना उतरते. पाणी आधी चांगल्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काटा आत मोडला असेल, छातीला-पोटाला लागलं असेल किंवा श्वास जड झाला तर थेट दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन कोणत्याही परिस्थितीत. बर्फ लावू नका. थर्मासमध्ये गरम पाणी मी याचसाठी नेतो, लोकांना वाटतं चहा आहे.

बोट लागते, उलट्या होतात. काय करू?

आदल्या रात्री पार्टी नको, पहाटे वडापाव नको. डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्या, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. मोबाइल खिशात, नजर क्षितिजावर, इंजिनाच्या धुरापासून लांब. आलं चघळा. तरी झालीच तर वाऱ्याच्या दिशेने तोंड करू नका, एवढी एकच विनंती.

हवामानाचं काय बघायचं?

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज, दोन्ही आदल्या रात्री. वाऱ्याचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर दाखवत असेल तर मी घरी झोपतो. मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा ऐकला की प्रश्नच मिटला. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला आणि अनेकांचे जीव गेले. त्याच्यापुढे आपली तीस फुटी बोट काय.

तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. वायरलेस असेल तर चॅनेल १६. मोबाइल दीपस्तंभाच्या पुढे कधीही दगा देतो, म्हणून किनाऱ्यावरच्या एकाला परतायची वेळ सांगून ठेवा. माझ्या बाबतीत ती बायको असते, आणि ती वेळेच्या दहा मिनिटं आधीपासूनच फोन सुरू करते.

कोळी लोकांना आपण आलेलं आवडतं का?

डोल जाळ्याच्या खुंटांना लूर अडकवून जाळं कापून काढणारे आवडत नाहीत, आणि का आवडावेत? अडकला तर दोर तोडा, लूर सोडून द्या. जाळं कोणाच्या तरी महिन्याच्या कमाईचं असतं. पकडलेला मासा सोसायटीत विकू नका, त्यांचं गिऱ्हाईक तोडू नका. तुटलेला दोर पाण्यात टाकू नका, तो बगळ्यांच्या पायांत गुंततो. एवढं पाळलं तर तिसऱ्या फेरीला चहा मिळतो आणि पाचव्या फेरीला खडपाची खूण.

आम्ही ठाण्यात राहतो. उरणला जाणं लांब पडतं.

घोडबंदरच्या बाजूला उल्हासची, म्हणजे वसईची खाडी आहे. कोलशेत, नागला बंदर, गायमुख. काठावरून होतं, गाळात पाय टाकू नका.

लहान मुलांना न्यावं का?

जेट्टीवर न्या, बोटीवर दहा वर्षांच्या पुढे, आणि जॅकेट त्यांच्या मापाचं. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. माझी भाची नऊ वर्षांची असताना तिला बेलापूरला नेली होती. चार तासांत तिला एक चिंबोरी मिळाली. गरी लागलीच नव्हती, नांगीने कोळंबी धरून ती दोराबरोबर वर आली होती. मी म्हटलं, हिला गळ लागलेला नाही, ही मोजायची नाही. भाची म्हणाली, तिने सोडलं नाही ना, मग मोजायची. ती चिंबोरी परत पाण्यात गेली, पण आमच्या वहीत त्या दिवसापुढे अजून ‘एक’ असंच लिहिलेलं आहे.